केसपेपरवरची शेवटची सही: रेसिडेन्सी संपवून निघालेल्या एका डॉक्टरला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात वरिष्ठांच्या हाताखालचं प्रशिक्षण, चार आठवड्यांत संपते आहे, परीक्षा झाली, नोकरीही ठरली आहे. पण यापुढे केसपेपरवरची शेवटची सही आपली असणार, डोक्यावर कोणी नसणार, या विचारानं झोप उडाली आहे. अजून पुरेसं येत नाही असं वाटतं. मग फेलोशिप, म्हणजे एखाद्या उपविषयाचं पुढचं प्रशिक्षण, घेऊन आणखी एक-दोन वर्षं शिकत राहावं का? आणि कामाला लागायचंच असेल तर पहिल्या काही महिन्यांत काय सांभाळावं?

मी बावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो आहे. पहिली चार वर्षं एका लहान हॉस्पिटलात होतो. रात्री मेडिसिनचा मी एकटाच असायचो. नंतरची सगळी वर्षं शिकवणाऱ्या हॉस्पिटलात गेली. दरवर्षी शेवटच्या आठवड्यात कोणी ना कोणी रेसिडेंट खोलीत येतो, इकडचं तिकडचं बोलतो, आणि उठता उठता हेच विचारतो. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी ओळखीचा आहे.

आधी झोपेबद्दल. नोकरी सुरू होण्याआधी काही रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हे मी खूप जणांत पाहिलं आहे. पण हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर बाकीचं उत्तर नंतर वाचा आणि आधी डॉक्टरकडे जा. असा पेशंट ओपीडीत आला असता तर तुम्ही त्याला हेच सांगितलं असतं.

पुढे मी जे लिहितो आहे त्यातलं बरंच काही तुम्ही कुठे रुजू होताय यावर ठरेल. चार-पाच फिजिशियन, आयसीयूत चोवीस तास डॉक्टर आणि रात्रीही चालू असलेली लॅब, अशा ठिकाणी जात असाल तर तुमचं पहिलं वर्ष एक असेल; जिथं रात्री पोटॅशियमचा रिपोर्ट मिळायलाच दोन तास लागतात तिथं ते अगदी वेगळं असेल. तुमच्या युनिटमध्ये निर्णय रेसिडेंट घेत होते की तुम्ही फक्त ऑर्डर उतरवत होतात, यानंही फरक पडतो. हे मला माहीत नाही, त्यामुळे माझं म्हणणं तुमच्या जागेच्या मापानं कमी-जास्त करून घ्या.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही लिहिलंत, 'अजून पुरेसं येत नाही.' मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. रेसिडेन्सीच्या शेवटच्या रात्री तुम्हाला जेवढं येत असेल तेवढंच दुसऱ्या दिवशी सकाळी येणार आहे. ज्ञान एका रात्रीत कमी होत नाही. एका रात्रीत नाहीशी होते ती तुमच्याभोवती असलेली माणसांची साखळी. रात्री दोनला तुम्ही पेशंट भरती केलात तर सकाळी आठला सीनियर तो पाहतो, दहाला कन्सल्टंट पाहतात. दुपारी रेडिऑलॉजीवाला फोन करून विचारतो, 'तुम्ही न्यूमोनिया लिहिलंय, पण ही सावली मला तशी वाटत नाही.' संध्याकाळी सहकाऱ्याला पेशंट सोपवताना तो मध्येच विचारतो, 'कल्चर पाठवलं का?', म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी. तीन वर्षं हे इतकं रोजचं असतं की आपल्या चुका दुसरेच कोणी पकडत होते हे जाणवतही नाही. सगळे निर्णय आपलेच आणि ते बरोबरच होते, असं वाटायला लागतं.

रेसिडेंट हा शब्दच पाहा. १८८९ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. तिथं विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी ही पद्धत बसवली तेव्हा शिकाऊ डॉक्टर खरोखरच हॉस्पिटलात राहत, म्हणून ते रेसिडेंट. त्या राहण्याचा फायदा असा की आजार सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर घडतो. संध्याकाळी दिलेल्या औषधाचं काय झालं ते पहाटे दिसतं. आपण फिजिशियन होऊन ओपीडीत बसतो तेव्हा त्या आजारातली फक्त दहा-पंधरा मिनिटं आपल्या वाट्याला येतात. पेशंट दाराबाहेर गेला की पुढचं आपल्याला कोणी कळवत नाही. बरा झालेला परत येत नाही. न बरा झालेला दुसरीकडे जातो, तोही परत येत नाही. आपल्या बाजूनं दोघं सारखेच दिसतात.

हे मला पुस्तकातून समजलं नाही. त्या लहान हॉस्पिटलातल्या माझ्या तिसऱ्या महिन्यात चौतिशीचा एक ड्रायव्हर आला. तीन आठवडे ताप, रात्री घाम, भूक मेलेली, कपडे सैल झालेले. मी तपासलं, छातीचा एक्स-रे आणि साध्या रक्ततपासण्या केल्या. फारसं काही सापडलं नाही. ओपीडी भरलेली होती. मी सात दिवसांची अँटिबायोटिकची गोळी लिहून दिली. आठवड्यानं तो आला तो हसतच. ताप गेला होता. मी खूश झालो. तो विषय माझ्यासाठी तिथंच मिटला.

चार महिन्यांनी तो पुन्हा आला, जुन्या केसपेपरची प्रत हवी म्हणून. चालताना डावा पाय ओढत होता, डाव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. माझ्या गोळ्या संपल्यावर दहा दिवसांनी ताप परत आला होता. तोवर तो कामासाठी लांब गेला होता. तिथं एका सकाळी उजव्या मेंदूत गुठळी जाऊन डावी बाजू लुळी पडली. टूडी इकोत हृदयाच्या मायट्रल झडपेवर व्हेजिटेशन, म्हणजे जंतूंची गाठ, दिसलं. एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा आणि झडपांचा जंतुसंसर्ग. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक घेऊन तो वाचला. मी केसपेपर काढला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'हलकी सिस्टोलिक मर्मर, तापामुळे असावी.' मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, मी ऐकली होती. तीन आठवड्यांचा ताप, घटलेलं वजन आणि मर्मर एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिली होती. रक्ताचं कल्चर मात्र पाठवलं नव्हतं. शिवाय अर्धवट अँटिबायोटिक दिल्यानं पुढच्या डॉक्टरांचंही काम अवघड केलं होतं, कारण अशा गोळ्यांनी जंतू काही काळ दबतात, ताप उतरतो, आणि नंतर कल्चर पाठवलं तर त्यात बऱ्याचदा काही उगवत नाही. म्हणूनच अँटिबायोटिकच्या आधी वेगवेगळ्या जागांहून तीनदा रक्त घ्यायचं असतं. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं.

तो मला एका शब्दानंही बोलला नाही. म्हणाला, 'डॉक्टर, तुमच्या गोळ्यांनी ताप उतरला होता बघा, पण पुढे नशीबच खोटं.' त्याच्या मते मी त्याला बरं केलं होतं. कागदाची प्रत हवी नसती तर तो आला नसता, आणि आजही मी त्याला माझ्या बऱ्या झालेल्या पेशंटांत धरलं असतं.

त्या दिवशी माझं काय चुकलं ते मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे. वाचन कमी पडलं नव्हतं. 'कल्चर पाठवलं का?' असं संध्याकाळी विचारणारा माणूस तिथं नव्हता. म्हणून माझं तुम्हाला सांगणं एकच आहे: पहिल्या वर्षात आणखी ज्ञान गोळा करण्याआधी ती विचारणारी साखळी स्वतःच्या हातानं पुन्हा बांधा. नव्या जागी ती आयती मिळत नाही. वर्षं जातील तसं आपोआप शहाणपण येईल, या भरवशावर राहू नका. २००५ साली नितीश चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये या विषयावरचे ६२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत प्रॅक्टिसची वर्षं वाढली तशी डॉक्टरांची कामगिरी मोजलेल्या सगळ्याच बाबतींत खाली गेलेली दिसली. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा अस्वस्थ झालो होतो. पण आपल्या निर्णयाचं पुढे काय झालं हे कळलंच नाही, तर वीस वर्षं काम करूनही माणूस शिकणार कशातून?

फेलोशिपचं उत्तर इथंच येतं. ही भीती उद्या गेली तरीही तो विषय शिकायला आवडेल का, हे स्वतःला विचारून पाहा. किडनीच्या पेशंटांमध्ये तुमचं मन रमत असेल तर जरूर नेफ्रॉलॉजीकडे जा. पण फक्त सही लांबणीवर टाकायला जात असाल तर दोन वर्षांनी तीच भीती तिथं उभी असेल, आणि तोवर जनरल मेडिसिनचा हात थोडा गेलेला असेल. मध्यम मार्गही आहे. पहिली दोन वर्षं अशा ठिकाणी काढा जिथं वरिष्ठ फिजिशियन एकाच छताखाली आहेत आणि एकमेकांचे पेशंट पाहायची रीत आहे. माझ्या मुलीनं विचारलं असतं तर मी तिला हेच सांगितलं असतं. मी स्वतः एकट्यानं सुरुवात केली. तसं करावं असा सल्ला मी कुणाला देत नाही.

आता साखळी कशी बांधायची. मी त्या ड्रायव्हरनंतर एक वही घातली. तिच्यात सगळे पेशंट नसतात. ज्यांना घरी पाठवताना मनात थोडी शंका राहिली तेवढेच असतात, दिवसाला दोन किंवा तीन. प्रत्येकासमोर एक ओळ: मला काय वाटतं, कशाची भीती आहे, आणि कोणत्या तारखेला मी विचारपूस करणार. उदाहरणार्थ, 'पित्ताचा त्रास वाटतो, भीती हृदयाची, उद्या सकाळी फोन, ईसीजी पुन्हा.' शनिवारी दुपारी अर्धा तास मी त्या आठवड्यातल्या नावांना फोन करतो. बहुतेक जण म्हणतात, 'बरं वाटतंय.' महिन्याकाठी एखादं तरी असं निघतं की फोन केला म्हणून बरं झालं. वही कुलपात ठेवा आणि ओळख पटेल असं कमीत कमी लिहा.

या वहीचा दुसरा उपयोग माझ्या ध्यानात उशिरा आला. रिपोर्ट यायच्या आधी आपला अंदाज लिहून ठेवला की नंतर स्वतःला फसवता येत नाही. रिपोर्ट आल्यावर 'मला हेच वाटलं होतं' असं प्रत्येकाला वाटतं. वहीत मात्र जे होतं तेच असतं. वर्षभरात मला कळलं की धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसांत मी फुप्फुसाकडे लवकर धावतो आणि हृदयाकडे उशिरा वळतो. हे मला कोणी सांगितलं नसतं. तुमचं झुकतं माप दुसरीकडे असेल.

घरी पाठवताना काय सांगायचं, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि रेसिडेन्सीत तो जवळजवळ शिकवलाच जात नाही. 'त्रास वाटला तर या' हे वाक्य विसरा. कोणता त्रास, किती, आणि केव्हा यायचं, हे त्यातून काहीच कळत नाही. पेशंट बिचारा विचार करतो, एवढ्याशासाठी कशाला डॉक्टरांना त्रास द्यायचा. मी हल्ली असं सांगतो: 'मला हा विषाणूचा ताप वाटतो. माझं बरोबर असेल तर परवा संध्याकाळपर्यंत ताप उतरायला लागेल. परवा नाही उतरला, तर माझा अंदाज चुकलाय असं समजून तेरवा सकाळी या, अपॉइंटमेंट नको. मध्येच धाप लागली, लघवी कमी झाली, बोलणं असंबद्ध वाटलं किंवा अंगावर दाबूनही न जाणारे लाल ठिपके आले, तर रात्र असली तरी निघा.' मग सोबत आलेल्या माणसाला विचारतो, 'आता तुम्ही मला सांगा, केव्हा यायचं?' त्याला सांगता आलं नाही तर चूक माझी, मी पुन्हा सांगतो. 'माझा अंदाज चुकलाय असं समजून' हे शब्द मी मुद्दाम वापरतो. त्यामुळे पेशंटला परत येताना संकोच वाटत नाही. सुरुवातीला मला भीती होती की असं बोलल्यानं विश्वास उडेल. तसं झालेलं मी पाहिलं नाही. उलट, डॉक्टर पुढचा विचार करून ठेवतायत, असं लोकांना वाटतं.

निदान न कळणं ही लाजेची गोष्ट नाही. पेशंट स्थिर असेल तर दोन दिवस थांबून पुन्हा तपासणं हीसुद्धा तपासणीच आहे. मात्र कुठं थांबायचं नाही याची यादी पक्की हवी. छातीत दुखणारा मधुमेही. अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापासोबत खाली जाणारं ब्लड प्रेशर. नव्यानं आलेला पायातला कमजोरपणा आणि अडलेली लघवी. यांना घरी पाठवून वाट पाहायची नसते. पहिला ईसीजी साधा आला म्हणून हृदयविकार टळत नाही. दुखणं चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढायचा, हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारं रक्तातलं ट्रोपोनिनही ठरल्या वेळी पुन्हा पाहायचं. रात्री थकलेलो असताना मी सही करण्याआधी स्वतःला दोनच गोष्टी विचारतो: या कागदावर माझ्या निदानात न बसणारं काय आहे? आणि मी चुकलो असेन तर सकाळपर्यंत याचा जीव कशानं जाईल? ड्रायव्हरच्या कागदावर पहिला प्रश्न विचारला असता तर मर्मर नजरेत भरली असती. पॅट क्रॉस्केरी या इमर्जन्सी डॉक्टरांनी निदानातल्या अशा चुकांवर पुष्कळ लिहिलं आहे. उत्तर सापडल्यासारखं वाटलं की डोकं शोध थांबवतं, आणि हे हुशार माणसांचंही होतं.

यालाच जोडून एक सांगतो. नव्या फिजिशियनचा कल तपासण्या वाढवण्याकडे असतो. चूक होऊ नये म्हणून तो सगळंच मागवतो. मीही तेच केलं. १९७५ साली हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ८० नव्या पेशंटांचा एक साधा अभ्यास केला. त्यांतल्या ६६ जणांत नुसत्या हकिकतीवरून केलेलं निदान शेवटपर्यंत टिकलं. शारीरिक तपासणीमुळे ७ जणांत आणि लॅबमुळे आणखी ७ जणांत ते बदललं. त्या काळात आजच्यासारखे स्कॅन नव्हते हे खरं, तरी ओपीडीत मला आजही असंच चित्र दिसतं. अडचण ही की आपण हकिकत पुरी होऊच देत नाही. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकली. डॉक्टरांनी सरासरी १८ सेकंदांत पेशंटला मध्येच थांबवलं होतं. म्हणून पहिल्या महिन्यांत ओपीडीत पेशंटांची गर्दी करून घेऊ नका. नोकरी देणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा की पहिले तीन महिने संख्या कमी ठेवाल. हे मागायला लोक कचरतात, पण रुजू होण्याआधी मागितलं तर बहुधा मिळतं. नंतर मागितलं तर 'जमत नाही' असा अर्थ निघतो. करारात बाकी पगारापेक्षा हे पाहा: महिन्यात किती रात्री, तुम्ही रजेवर असताना पेशंट कोण पाहणार, आणि व्यावसायिक विमा कोण काढणार.

साखळीतली दुसरी कडी म्हणजे माणसं. रुजू होण्याआधी तीन नावं ठरवा: रात्री दोनला फोन केला तर उचलेल असा एक वरिष्ठ फिजिशियन, ईसीजी पाठवता येईल असा एक कार्डिऑलॉजिस्ट, आणि तुमच्याच बॅचचं कुणीतरी, ज्याच्यापाशी मन मोकळं करता येईल. त्यांना आधी विचारा, 'पहिल्या वर्षी मी फोन केला तर चालेल ना?' एकदा हो म्हटलेल्या माणसाला फोन करणं सोपं जातं. फोनवर बोलताना प्रश्न आधी सांगा. 'सर, एक पेशंट आहे, बासष्ट वर्षांचा, काल सकाळपासून…' अशी सुरुवात केली की झोपेतून उठलेला माणूस गोंधळतो. त्यापेक्षा, 'सर, या पेशंटला इथंच ठेवू की हलवू, एवढं ठरवायचंय. बासष्ट वर्षं, प्रेशर ऐंशी, दीड लिटर फ्लुइड देऊनही वर येत नाही. मी नॉरअॅड्रिनलिन सुरू केलंय, आणि मला वाटतं हलवावं.' आपलं मत शेवटी जरूर सांगा. त्यांनी ते खोडलं तर का, हे विचारा. असे फोन केल्यानं आपण कच्चे ठरतो, हा समज सोडून द्या. आज मला नव्या डॉक्टरांचे फोन येतात. फोन करणाऱ्यांची मला काळजी वाटत नाही. सहा महिन्यांत एकदाही फोन न करणाऱ्याची वाटते.

वॉर्डातल्या जुन्या सिस्टर ही तिसरी कडी. एका रात्री सिस्टर म्हणाल्या, 'सर, सात नंबर मला बरोबर वाटत नाही.' नाडी, प्रेशर, ऑक्सिजन सगळं ठीक होतं. 'काय वाटत नाही?' विचारलं तर त्या म्हणाल्या, 'संध्याकाळी ते चादर नीट करून घेत होते, आता करत नाहीत.' मी गेलो. श्वासाची गती मोजली तर मिनिटाला तीस होती, आणि चार्टवर मात्र अठरा लिहिलेली. सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्ग सगळ्या शरीराला ग्रासण्याची, सुरुवात होती. श्वासाची गती स्वतः घड्याळ लावून मोजा. चार्टवर ती फार वेळा अंदाजानं लिहिलेली असते. आणि सिस्टर असं म्हणाल्या की कारण विचारत बसण्याआधी उठा.

पहिल्या दिवशी ओपीडी सुरू होण्याआधी हॉस्पिटलात एक फेरी मारा. हृदयाला विजेचा झटका देणारा डीफिब्रिलेटर कुठं आहे ते पाहा, आणि तो स्वतः चालू करून बघा. ॲड्रिनलिनची ॲम्प्यूल हातात घेऊन तिच्यावरची ताकद वाचा. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत, मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अर्धा मिलिग्रॅम द्यायचं असतं, आणि एका मिलीत एक मिलिग्रॅम असेल तरच ते अर्धा मिली होतं. पोटॅशियमच्या सांद्र ॲम्प्यूल सलाइनशेजारी ठेवलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी हलवायला सांगा. रात्री रक्त कुठून येतं, सीटी कोण करतं, रुग्णवाहिका बोलावल्यावर किती वेळात येते, हे विचारून घ्या. जुन्या युनिटात हे तुमच्या अंगवळणी पडलं होतं, म्हणून ते ज्ञान आहे हे जाणवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात हात अडखळतात ते बहुतेक यापायी.

आणि चूक होईल. पहिल्या वर्षी होईल, विसाव्या वर्षीही होईल. झाली की कागदाला हात लावू नका. काही राहून गेलं असेल तर आजची तारीख-वेळ घालून वेगळी नोंद करा. नातेवाइकांना स्वतः भेटा, उभ्यानं नाही, बसून. काय घडलं, काय माहीत आहे, काय अजून शोधायचं आहे, आणि पुन्हा केव्हा भेटाल, हे साध्या शब्दांत सांगा. वरिष्ठांना आणि विमावाल्यांना त्याच दिवशी कळवा. मग त्या तिसऱ्या माणसाला, बॅचमधल्या मित्राला, फोन करा. ॲल्बर्ट वू यांनी २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा प्रसंगी कोलमडून पडणाऱ्या डॉक्टरला 'दुसरा बळी' म्हटलं होतं. पहिला बळी पेशंट, हे कधीच विसरायचं नाही. पण कोसळलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशीच्या पेशंटांनाही नीट पाहू शकत नाही, हेही तितकंच खरं आहे. ड्रायव्हर भेटून गेल्यावर दोन आठवडे मी प्रत्येक तापाच्या पेशंटचं कल्चर पाठवत सुटलो होतो. तो शहाणपणा नव्हता, भीती होती. माझ्या एका वरिष्ठांनी माझ्यासोबत बसून ते सगळे कागद पाहिले आणि कुठं गरज होती, कुठं नव्हती, हे एकेक करून दाखवलं. तेव्हा कुठे माझं काम ताळ्यावर आलं.

तुमच्या हातात अजून चार आठवडे आहेत, आणि ते मोलाचे आहेत, कारण साखळी अजून जागेवर आहे. उद्यापासून एवढं करा. प्रत्येक नव्या पेशंटचं निदान, औषधं आणि घरी पाठवण्याचा बेत कन्सल्टंट यायच्या आधी स्वतः एका कागदावर लिहा, शेवटची सही आपलीच आहे असं धरून. राउंड झाल्यावर त्यांनी काय बदललं ते शेजारी वेगळ्या शाईनं लिहा. औषधाचा ब्रँड बदलला, डोस थोडा इकडेतिकडे झाला, हे सोडून द्या. पेशंटचं नुकसान टळलं असे बदल तेवढे मोजा. ते एकाच प्रकारचे निघाले, समजा प्रत्येक वेळी फ्लुइड किंवा प्रत्येक वेळी घरी पाठवण्याची घाई, तर या चार आठवड्यांत काय वाचायचं तेही कळेल. बदल फारसे नसतील तर तो कागद जपून ठेवा. पहिल्या महिन्यातल्या एखाद्या वाईट रात्री तो उपयोगी पडेल. चाळीसेक पेशंट झाले की पेशंटांची ओळख काढून काय दिसलं ते मला लिहा, आणि कुठल्या प्रकारच्या हॉस्पिटलात रुजू होताय तेही सांगा. मग याहून नेमकं काही सांगता येईल.